जिथं ओ, तिथं जू

माझ्यावर सगळ्यांत मोठे उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं, तर मी आई-वडिलांच्याही आधी गेवराईच्या डॉक्टरसाहेबांचं नाव घेतो. वडिलांना त्याचा कधी राग आला नाही. ते घोंगड्या विणत. आमच्या घरात कोणी शाळेची पायरी चढलेलं नव्हतं, आणि मुलाच्या नावापुढे पदवी लागली ती कोणामुळे, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. नाव घेतो म्हणजे 'डॉक्टरसाहेब' एवढंच म्हणतो. त्यांचं खरं नाव सरकारी दवाखान्याच्या पाटीवर उर्दूत लिहिलेलं होतं, पण ती पाटी उन्हानं पांढरी पडली होती आणि नाव विचारायची वेळ कोणावर आली नव्हती.

या उपकाराच्या आठवणीत एक काटा आहे. त्या काट्याचं नाव करीम. डॉक्टरसाहेबांविषयी लिहायला बसलो, की तो आपोआप शेजारी येऊन बसतो, आणि बसतो तोही माझ्यापेक्षा चांगल्या जागेवर.

डॉक्टरसाहेब मूळचे आष्टीकडचे. निजामाच्या अमलात हैदराबादला जाऊन डॉक्टरकी शिकलेली माणसं आमच्या भागात फार नव्हती. त्यांचा हात चांगला होता. गळू फोडावं, हाड बसवावं, तर त्यांनीच. पण गावात त्यांची ख्याती वेगळ्याच गोष्टीसाठी होती. सकाळी लिंबाच्या काडीनं दात घासत ते दवाखान्याच्या ओट्यावर फेऱ्या घालत आणि दर फेरीला शरीराच्या एखाद्या भागाचं लांबलचक नाव मोठ्यानं म्हणत. पाण्याला निघालेल्या बायकांना त्याची सवय झाली होती. नवी सून बरोबर असली आणि ती दचकली, तर सासू सांगे, "भिऊ नकं. डाक्टर मंतर म्हनतोय."

मंतर म्हणण्याचं कारण त्यांनी एकदा आम्हाला सांगितलं होतं. हैदराबादच्या तोंडी परीक्षेत त्यांना मानेतल्या एका स्नायूचं नाव विचारलं होतं. स्नायू त्यांना ठाऊक होता, तो कुठून निघतो, कुठं चिकटतो, सगळं ठाऊक होतं. पण नाव अर्ध्यात अडकलं आणि परीक्षक हसले. "पास केलं बे त्यांनी मला," डॉक्टरसाहेब म्हणाले, "पन हसून पास केलं." ते हसू त्यांच्या कानात राहिलं होतं. आपण हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यात नसून गेवराईत आहोत, याचं खापर ते त्या एका हसण्यावर फोडत.

तो स्नायू म्हणजे स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड. त्याचा सूड ते सगळ्या तालुक्यावर उगवत. बाजारच्या दिवशी एखादा शेतकरी मान धरून आला, की ते त्याच्या कानामागच्या हाडावर बोट ठेवत, ते तिरपं मानेवरून खाली आणत आणि गळ्याच्या हासळीवरून छातीच्या मध्यावर टेकवत.

"हे धरलंय तुझं. स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड."

"बाहेरचं हाय का, साहेब?"

"बाहेरचं कावून आसंल बे? तुझंच हाय. तुझ्या आईनं दिलंय. म्हण, स्टर्नो."

"इस्टर्नू."

"क्लायडो."

"साहेब, मान लई दुखती."

"दुखतीय त्याचं नाव घ्यायला नको? क्लायडो!"

"किलायडू."

एवढं झाल्याशिवाय मलमाची डबी हातात पडत नसे. माणसं कंटाळत, पण दुसरीकडे जात नसत. उलट घरून निघतानाच जोडीदाराला विचारून घेत, की मागच्या खेपेला तुला काय म्हणायला लावलं होतं. एकानं तर आपल्या आडमुठ्या बैलाचं नाव 'ग्लॉसो' ठेवलं. ते डॉक्टरसाहेबांच्या कानावर गेलं. सगळ्यांना वाटलं, आता हे चिडणार. ते बैल बघायला गेले, त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "नाव बरोबर हाय. ग्लॉसो म्हंजे जीभ. ह्यो सारखी जीभ भायेर काढतोय."

मी आणि करीम त्यांच्याकडे गेलो ते याच शब्दांसाठी. आम्ही दोघांनी गेवराईची शाळा संपवली होती. हैदराबादला डॉक्टरकी शिकायला जिल्ह्यातर्फे वजिफा, म्हणजे शिष्यवृत्ती, मिळे, आणि आमच्या तालुक्याच्या वाट्याला त्या साली एकच जागा होती. त्या जागेवर जाणारा मुलगा डॉक्टरसाहेबांच्या शिफारशीनं जाणार, हे ठरलेलं होतं. माझ्या बाजूनं हे सरळ होतं: ती जागा मिळाली तर मी डॉक्टर होणार, न मिळाली तर मागावर बसणार. करीमच्या बाजूनंही तितकंच सरळ होतं. त्याचे वडील मशिदीत नमाज पढवत. घरात खाणारी तोंडं बरीच होती.

दवाखाना आटोपला की संध्याकाळच्या उजेडात ओट्यावर शिकवणी चाले. डॉक्टरसाहेब आरामखुर्चीत, मांडीवर जाडजूड इंग्रजी ग्रंथ. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "बाप काय करतो?"

"घोंगड्या विनतो."

"बैल जुपलाय कधी?"

"जुपलाय की. मामाच्या शेतात."

"मंग तुला येनार. हे बघ. ह्ये शब्द लांब न्हाईत. ही बैलं हायेत, एकाला एक जुपलेली. ह्यांच्यामधी जू आसतं. ते जू म्हंजे 'ओ'. जिथं ओ, तिथं जू. तिथं थांबायचं, बैल सोडायचा, त्याच्या तोंडाकडं बघायचं, मंग पुढं."

आणि त्यांनी माझ्यासमोर सोडून दाखवलं. स्टर्नो, म्हणजे छातीचं हाड. क्लायडो, म्हणजे किल्ली. हासळीचं हाड जुन्या किल्लीसारखं वाकडं असतं म्हणून. मॅस्टॉइड म्हणजे कानामागचा उंचवटा. त्या शब्दाचा मूळ अर्थ सांगताना ते खोकले आणि "ते मोठे झाल्यावर कळंल" म्हणून पुढे गेले. शेपटीला 'ऑइड' असलं की समजायचं, 'सारखं'. एथमॉइड म्हणजे चाळणीसारखं. स्फीनॉइड म्हणजे पाचरीसारखं. कॉरॅकॉइड म्हणजे कावळ्याच्या चोचीसारखं. घशातल्या क्रायकोॲरिटिनॉइडमध्ये क्रायको म्हणजे अंगठी आणि ॲरिटिनॉइड म्हणजे पळीसारखं. मी ऐकत राहिलो. जे शब्द भिंतीसारखे समोर उभे होते, त्यांच्यामागे चाळण, पाचर, कावळा, किल्ली, पळी अशी आमच्या घरातली आणि शिवारातली सगळी चीजवस्तू निघाली.

"ग्रीक लोक काय येगळं खात न्हवते बे," डॉक्टरसाहेब म्हणाले. "त्यांनी बी घरात बघूनच नावं ठिवली."

मला थांबायचं भान राहावं म्हणून त्यांनी एक सवय लावली. बैलाला थांबवताना आपण 'हो' म्हणतो, तसं प्रत्येक जुवाशी मनात 'हो' म्हणायचं. माझ्या मनात आणि तोंडात फारसं अंतर नव्हतं. मी मोठ्यानंच म्हणे: "स्टर्नो, हो! क्लायडो, हो! मॅस्टॉइड." घरी मागाशेजारी बसून घोकत असे. धोटा फिरायचा आणि माझा 'हो' पडायचा. वडील एकदा हात थांबवून म्हणाले, "काय पाठ चाललंय?"

"गळ्यातली अंगठी आन् पळी."

"पळी गिळलीस का काय रं?"

करीमला 'हो'ची गरज लागली नाही. वडिलांनी त्याला लहानपणापासून कुराण पढायला शिकवलं होतं. कुठला हरफ घशातून, कुठला टाळूतून, कुठला दातांच्या मागून. श्वास कुठं घ्यायचा, कुठं मुळीच घ्यायचा नाही, हे त्याच्या जिभेत मुरलेलं होतं. त्यानं पहिल्या दिवशी तो मानेचा शब्द पुस्तकातून उचलला आणि एका श्वासात असा सोडला, की कुठं जोड होता हे ऐकणाऱ्याला स्वच्छ कळावं आणि तरी तो जोड कुठं दिसू नये. डॉक्टरसाहेबांनी डोळे मिटले. "फिरसे," ते म्हणाले. करीमनं पुन्हा म्हटलं. "फिरसे."

त्या संध्याकाळी मला काही म्हणायची पाळी आलीच नाही.

दुसऱ्या दिवसापासून तो 'करीममियाँ' झाला आणि मी 'घोंगडी'. मला हाक मारायची तर ते "ए घोंगडी" म्हणत, प्रेमानंच म्हणत, मला कळत होतं. पण 'मियाँ' म्हणताना त्यांचा आवाज जसा खाली उतरे, तसा माझ्यासाठी कधी उतरला नाही. आरामखुर्चीशेजारी एक स्टूल होतं. ते करीमला मिळालं. मी पायरीवर बसे. काकू, म्हणजे डॉक्टरसाहेबांच्या मंडळी, चहा आणत तेव्हा मला आणि त्याला सारखाच चहा मिळे. पण करीमचा चहा निवतोय हे डॉक्टरसाहेबांच्या ध्यानात येई, माझा निवला तरी येत नसे. असल्या गोष्टी मी टिपत असे. उभ्या आयुष्यात इतकं बारीक लक्ष मी दुसऱ्या कशावर दिलं नसेल.

वाईट हे, की करीमचा राग करता येत नव्हता. परत येताना तोच मला विचारे, "ते चाळणीचं नाव काय रे? मला म्हनता येतंय, पन ध्यानात राहत न्हाई." मी अर्थ सांगे, तो उच्चार दुरुस्त करून देई. माझ्याकडे अर्थ होता, त्याच्याकडे आवाज होता. डॉक्टरसाहेबांना अर्थ स्वतःलाच येत होता. त्यांना हवा होता आवाज.

तो का हवा होता, हे पुढे हळूहळू दिसायला लागलं. डॉक्टरसाहेबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. पुस्तक ते आधी नाकाजवळ धरत, मग उजेडाकडे वळून धरत, मग त्यांनी ते करीमच्या मांडीवर दिलं. औरंगाबादला डोळ्यांचे एक डॉक्टर होते. काकूंनी मागे लागून त्यांना तिकडे पाठवलं. डोळा न दाखवताच ते परत आले.

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

"तो माणूस 'ऑपथॅल्मिक' म्हनतो."

"मग काय म्हणायचं?"

"ऑफ्थॅल्मिक! ऑफ्थॅल्मॉस म्हंजे डोळा. ज्याला डोळ्याचं नाव घेता येत न्हाई, त्याच्या हातात मी माझा डोळा देऊ?"

काकूंनी कपाळाला हात लावला. पण डॉक्टरसाहेब ढळले नाहीत. दवाखान्याचं काम ते बोटांच्या सवयीनं रेटत होते. वाचन मात्र करीमवर आलं. रोज संध्याकाळी तो त्या ग्रंथातली पानं वाचून दाखवी आणि डॉक्टरसाहेब डोळे मिटून, खुर्चीच्या हातावर बोटांनी हलका ठेका धरून ऐकत. एकदा ते मध्येच म्हणाले, "ही जीभ मला आसती तर त्या दिवशी कोन हसलं आसतं?" त्या बोलण्यात कौतुक होतं, आणि माझ्या पोटात जे जळत होतं, तेही थोडं होतं. ते मला लगेच ओळखू आलं. मी पायरीवर बसून करीमवर जळत होतो, ते खुर्चीत बसून जळत होते. फरक एवढाच की त्यांना ते जळणं गोड लागत होतं.

मग बीडच्या मोठ्या डॉक्टरांपुढे आम्हा दोघांची चाचणी झाली. गेवराईहून आम्ही एकाच गाडीत गेलो. मोठ्या डॉक्टरांनी एक पान समोर टाकून शब्दावर बोट ठेवलं. करीमनं वाचला. त्यांच्या भुवया वर गेल्या. मग माझी पाळी. मी नीट श्वास घेतला आणि म्हणालो, "क्रायको, हो! ॲरिटिनॉइड."

"ये 'हो' क्या है?"

"बैल थांबवला, साहेब," मी म्हणालो. दुसरं काही सुचलंच नाही. मग जे झालं ते सगळं सांगितलं: जू, सोडणं, अंगठी, पळी, आणि बोलता बोलता हात गळ्यावर नेऊन ती जागाही दाखवली. ते हसले. मला वाटलं, झालं, आता मीही असाच कुठंतरी पांढऱ्या पाटीखाली. पण हसून झाल्यावर त्यांनी मला आणखी शब्द विचारले आणि प्रत्येक वेळी स्वतःच हळूच 'हो' म्हणू लागले. शेवटी त्यांनी आम्हा दोघांच्या हाती एकच चिठ्ठी दिली: दोघेही लायक आहेत, जागा एक आहे, कोणाला पाठवायचं ते तुमच्या डॉक्टरांनी ठरवावं.

परतीच्या वाटेला लागलो. पाडळसिंगीजवळ बैलांना पाणी पाजायला गाडी थांबली, तेव्हा करीम म्हणाला, "तुझं 'हो' त्यांना लई आवडलं."

"आन् तुला ऐकून तुझ्या भुवया खाली आल्याच न्हाईत," मी म्हणालो. म्हणायचं होतं त्यांच्या भुवया. दोघंही जरा हसलो आणि गाडीत चढलो. कोणाचं नाव जाणार हे दोघांनाही ठाऊक आहे, असं मला वाटत होतं.

डॉक्टरसाहेबांनी माझं नाव पाठवलं.

मी धावत घरी गेलो. आई रडली. वडिलांनी मागावरची घोंगडी अर्धी असतानाच दुसरी, मला हैदराबादला न्यायची, सुरू केली. दोन दिवस मी जमिनीवर नव्हतो. मला वाटलं, शेवटी त्यांनी अर्थ निवडला. तेव्हा मला मी जिंकलो असंच वाटत होतं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी पाया पडायला गेलो. ओट्यावर करीम वाचत होता. डॉक्टरसाहेब डोळे मिटून ऐकत होते. मध्ये थांबवायचं धैर्य झालं नाही म्हणून मी मागल्या दारानं काकूंकडे गेलो आणि म्हणालो, "काकू, डॉक्टरसाहेबांनी मला निवडलं. हे ऋण मी जन्मभर फेडू शकणार नाही."

काकू जात्याजवळ बसून ज्वारी पाखडत होत्या. फार सरळ बाई. त्या म्हणाल्या, "अरे वेड्या, करीमला पाठवलं असतं तर ह्यांना वाचून कोणी दाखवलं असतं? तू वाचायला बसलास की ह्यांना तुझे बैल मोजत बसावं लागतं."

सूप हलत राहिलं. ओट्यावरून करीमचा आवाज येत होता, कुठंही न तुटणारा. मला त्यांनी निवडलं नव्हतं. त्यांना जो जवळ हवा होता तो त्यांनी ठेवून घेतला होता, आणि जो सोडता येत होता त्याला सोडलं होतं.

पाया पडलो तेव्हा डॉक्टरसाहेबांनी पाठीवर हात ठेवला. "जा बे घोंगडी. हसू देऊ नको कुनाला."

सकाळी जालन्याच्या वाटेला लागणाऱ्या गाडीपाशी करीम आला. त्यानं माझी पेटी वर चढवली. मग म्हणाला, "मेरी जगा ले लिया तू."

"आन् तू माझी," मी म्हणालो.

आपल्याला कोणती जागा मिळाली आहे, हे त्याला तेव्हा कळलं की नाही कोण जाणे. गाडी हलल्यावर तो मागून ओरडला, "हो! हो!" बैल खरंच थांबले. गाडीवान त्याला शिव्या देऊ लागला आणि करीम हसत गल्लीत पळाला.

हैदराबादला माझं बरं चाललं. शहरातली मुलं माझ्या 'स्टर्नो, हो!'ला हसली, पण जू सोडायची रीत त्यांनाही आवडली, आणि परीक्षेच्या आधी आमच्या खोलीत 'हो'चा गजर होऊ लागला. पहिल्या वर्षी पास झालो. पण चिरफाडीच्या मेजावर एखादा स्नायू उघडा केला, की त्याचं नाव माझ्या डोक्यात माझ्या आवाजात कधीच येत नसे. करीमच्या आवाजात येई. ज्यानं तो स्नायू कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता, त्याच्या आवाजात. आणि तो आवाज आला, की पुढे हटकून दिसे ते स्टूल, आणि त्यावर करीम.

त्या साली आमच्या तालुक्याला पुन्हा एक जागा मिळणार असल्याचं कानावर आलं. मी डॉक्टरसाहेबांना एक पत्र लिहिलं. मुद्दाम मोडीऐवजी बालबोधीत लिहिलं, स्वच्छ, ओळी सोडून.

त्या पत्राला उत्तर आलं नाही. करीम आला. एका सकाळी तो पेटी घेऊन खोलीच्या दारात उभा होता. "सरक बे," तो म्हणाला. "जागा दे."

त्यानंतरच्या प्रत्येक उन्हाळ्यात मी सुट्टी लागताच गेवराईला धावलो, करीमला वाचायला न बसवता त्याच्या घरी जाऊ दिलं आणि ते स्टूल माझं झालं. आता सांगायला हरकत नाही, की मी फार सुखात होतो असं नाही. मी वाचत असे आणि डॉक्टरसाहेब डोळे मिटून म्हणत, "करीमनं हितं श्वास घेतला नसता, बे." मी पुन्हा वाचत असे. "हां. आता बरं हाय. पन करीम..." तरीही मी उठलो नाही. स्टूल ते स्टूल.

करीम शिकून आल्यावर त्यानंच त्यांचा मोतीबिंदू काढला. त्या दिवशी मी शेजारी औषधाची बशी धरून उभा होतो. टेबलावर निजलेल्या डॉक्टरसाहेबांनी हत्यार जवळ येऊ दिलं नाही. "आधी म्हण," ते म्हणाले. "ऑफ्थॅल्मिक," करीम म्हणाला. मग त्यांनी मान माझ्याकडे वळवली. "तू बी म्हण." मी म्हटलं, माझ्या मते अगदी बिनचूक म्हटलं. "हं," ते म्हणाले आणि मान परत फिरवली. "मियाँ, चालू द्या."

डोळा चांगला झाला. डॉक्टरसाहेब स्वतः वाचू लागले. माझं स्टूल काकूंनी आत नेलं आणि त्यावर लोणच्याची बरणी ठेवली.

डॉक्टरसाहेब गेल्यावर काकूंना भेटायला गेलो, तेव्हा त्यांनी मला ते माझं पत्र परत दिलं. पत्र आलं त्या संध्याकाळी काय झालं, हेही सांगितलं. ते वाचून दाखवायला करीमखेरीज कोण होतं? तो स्टुलावर बसला आणि नेहमीसारखं, न तुटता वाचत गेला. "शेवटाकडे एका जागी थांबला," काकू म्हणाल्या. "मागून पुन्हा सुरू केलं, आणि पुन्हा तिथंच थांबला. ह्यांनी डोळे उघडले नाहीत. नुसतं विचारलं, 'मियाँ, जू सुटलं का?'"

ते पत्र असं होतं:

तीर्थस्वरूप डॉक्टरसाहेब यांचे चरणी बालकाचा साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपल्या आशीर्वादाने मी पहिल्या वर्षी पास झालो. मला इथे कोणी हसले नाही, म्हणजे हसले, पण हसून पास केले नाही. मी जो आहे तो तुमच्यामुळे आहे, आणि हे मी नुसते रीत म्हणून लिहीत नाही.

हे पत्र करीम वाचत असणार हे मला ठाऊक आहे. करीम, यातले एकही वाक्य गाळू नकोस. तुला ते जमेल, तुझा श्वास लांब आहे.

डॉक्टरसाहेब, मला तुमचा राग आला होता. तुम्ही मला पाठवले आणि त्याला ठेवून घेतले. मला हैदराबाद दिले आणि त्याला ते स्टूल दिले. लोक म्हणतात, मला मोठी वस्तू मिळाली. मला तसे रोज वाटत नाही. संध्याकाळ झाली, की तो तुमच्याजवळ बसून वाचत असेल असे मनात येते, आणि समोरच्या पुस्तकात लक्ष लागत नाही.

म्हणून माझे एक मागणे आहे. या साली आपल्या तालुक्याला पुन्हा जागा आहे. करीमचे नाव पाठवा. तुमचे वाचन अगदीच बंद पडणार नाही. प्रत्येक सुट्टीत मी येईन आणि वाचीन. मी वाईट वाचतो. मध्ये थांबतो. पण तुम्ही सांगाल तितक्या वेळा तेच पान पुन्हा वाचीन. हे मी काही मोठ्या मनाने लिहीत नाही. मला ते स्टूल हवे आहे, आणि त्याला इथे आणल्याशिवाय ते रिकामे होणार नाही.

राहिले एक वाक्य. ते खरे की खोटे हे मला इथून कळायचा मार्ग नाही. तुम्हाला आहे. तुम्ही डोळे मिटून ऐकत असाल, तसेच ऐका.

करीमला इकडे यायचे आहे.

तो आपण होऊन तुम्हाला हे कधी म्हणणार नाही. एवढे मोठे शब्द तो एका श्वासात म्हणतो. वरचे वाक्य चार साध्या शब्दांचे आहे, त्यात कुठे ओ नाही, कुठे जू नाही. ते त्याने सरळ वाचले असेल, तर मी चुकलो, पत्र फाडून टाका. पण तिथे तो थांबला असेल, तर त्याला सोडा.

काकूंना नमस्कार.

आपला,
घोंगडी